अठ्ठाविसाव्या वर्षी देशाची जर्सी : बचावपटू राहुल भेकेची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

आजचा विषय फुटबॉल. त्यातही गोल मारणारा नाही, गोल अडवणारा. शाळेत संघ करताना काय व्हायचं आठवतंय ना? जो पळतो तो पुढे, ज्याच्या पायात थोडी जादू आहे तो मध्ये, आणि उरलेला धिप्पाड गडी? "तू मागे उभा राहा." बचावपटू अशा पद्धतीनेच ठरायचा. मग तो मागे उभा राहिलेला मुलगा पुढे कुठपर्यंत जाऊ शकतो? याचं उत्तर शोधायला आपण एका मुंबईकराची कारकीर्द पाहू. नाव राहुल भेके. जन्म ६ डिसेंबर १९९०, मुंबई.

पण थेट त्याच्यावर येण्याआधी थोडं मागे जाऊ. हा खेळ आपल्याकडे आला कसा आणि अडकला कुठे, हे कळल्याशिवाय त्याच्या गोष्टीचं वजन कळणार नाही.

छावणीतून गिरणीत

फुटबॉल हिंदुस्थानात आणला तो इंग्रजांच्या पलटणींनी. १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला. पहिला विजेता कोण? वूस्टरशायर रेजिमेंट. म्हणजे गोऱ्या शिपायांचा संघ. भारतीय संघाला हा कप उचलायला १९३७ उजाडलं, आणि तो मान गेला बंगलोर मुस्लिम्स या संघाकडे.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत फुटबॉल जगवला कंपन्यांनी. टाटा, मफतलाल, आरसीएफ, एअर इंडिया, महिंद्रा. सिस्टिम साधी होती. चांगला खेळतोस? ये, नोकरी घे, संध्याकाळी कूपरेजवर खेळ. पगार महिन्याच्या महिन्याला. घरचेही खूश, कारण मुलगा "नोकरीला" आहे.

आता आपल्याकडे बघा. मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यातूनच जातो. मुंबईपासून आपण सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. पण फुटबॉल या रस्त्याने फारसा वर सरकला नाही. बंदर, छावणी आणि मोठे कारखाने जिथे, तिथेच तो रुजला. कोल्हापुरात वेगळं घडलं. तिथे तालमींनीच फुटबॉल संघ काढले, पेठापेठांत इर्षा लागली, आणि शाहू स्टेडियम आजही भरतं. खान्देशात कुस्ती होती, कबड्डी होती, नंतर क्रिकेट आलं. फुटबॉल राहिला शाळेच्या तासापुरता.

शिडी नसलेलं घर

आता एक तुलना करू. ती केल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

इंग्लंडमध्ये एखादा मुलगा बचावपटू व्हायचा असेल, तर आठ-नऊ वर्षांचा असताना तो क्लबच्या अकॅडमीत नोंदवला जातो. सोळाव्या वर्षी स्कॉलरशिप. सतराव्या वर्षापासून प्रोफेशनल करार करता येतो. मोठ्या संघात जागा नाही? हरकत नाही, लोनवर जा. म्हणजे करार आपल्या क्लबशी, पण एक हंगाम खेळायचं दुसऱ्यासाठी. वरच्या चार डिव्हिजनमध्ये मिळून ९२ क्लब आहेत. कुठेतरी जागा मिळते. बहुतेक मुलं मध्येच गळतात, हे खरं. पण शिडीच्या पायऱ्या तरी दिसतात.

आपल्याकडे शिडीच काढून घेतली गेली. २००५-०६ मध्ये महिंद्रा युनायटेडने नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. मुंबईच्या संघाने जिंकलेलं ते पहिलं राष्ट्रीय लीग विजेतेपद. आणि २०१० मध्ये कंपनीने तो संघच बंद केला! भेके तेव्हा १९ वर्षांचा. ज्या वयात इंग्लंडमधला मुलगा पहिल्या लोनवर जातो, त्या वयात याच्या शहरातला सगळ्यात यशस्वी क्लब दुकान आवरून मोकळा झाला होता.

पुढे एअर इंडिया आय-लीगमधून बाहेर गेला. मुंबई एफसी हा २००७ मध्ये निघालेला क्लब दहा वर्षांत संपला. एक दार उघडायचं, तर दुसरं बंद व्हायचं.

दोन लीग, एक पाय

भेके मुंबईतून वर आला आणि कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये पोचला. तिथे लाखभर डोळे तुमच्यावर असतात, आणि बचावपटूची एक चूक आठवडाभर चघळली जाते.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, म्हणजे आयएसएल. तरुण श्रोत्यांना वाटतं आयएसएल आली आणि सगळं बदललं. पण पहिली काही वर्षं ती दोन-तीन महिन्यांचीच होती. बाकीच्या महिन्यांत आय-लीग. त्यामुळे खेळाडू दोन्हीकडे खेळायचे. भेके २०१५ ला आयएसएलमध्ये केरला ब्लास्टर्सकडे, २०१६ ला एफसी पुणे सिटीकडे. नवा कोच, नवी भाषा, नवे जोडीदार. बचावात तर जोडीदार महत्त्वाचा. शेजारचा कधी पुढे सरकतो आणि कधी थांबतो, हे अंगात मुरावं लागतं. इथे मुरण्याआधीच बॅग भरायची वेळ येत होती. आणि तो पुणे सिटी क्लब? २०१९ मध्ये तोही बंद.

यातून त्याने एक गोष्ट कमावली. राइट बॅक म्हणूनही खेळायचं आणि सेंटर बॅक म्हणूनही. वर लांब थ्रो-इन. हाताने टाकलेला बॉल थेट गोलसमोर, जवळजवळ कॉर्नरसारखा. कोचला असा माणूस परवडतो, कारण एकाच जागेच्या पैशात दोन-तीन कामं होतात.

अंधेरीची रात्र

२०१७ मध्ये तो बेंगळुरू एफसीत गेला आणि पहिल्यांदा पायाखाली स्थिर जमीन आली. २०१८ च्या सुपर कप फायनलमध्ये समोर त्याचाच जुना क्लब, ईस्ट बंगाल. बेंगळुरू मागे पडली होती. बरोबरीचा गोल भेकेने केला, आणि शेवटी बेंगळुरू ४-१ ने जिंकली.

मग आली १७ मार्च २०१९ ची तारीख. आयएसएल फायनल, बेंगळुरू विरुद्ध एफसी गोवा. बरोबर एक वर्षापूर्वी, १७ मार्चलाच, बेंगळुरू घरच्या मैदानावर चेन्नईयिनकडून फायनल हरली होती. ही फायनल होती मुंबईत, अंधेरीच्या मैदानात. म्हणजे भेकेच्या गावात.

नव्वद मिनिटं शून्य-शून्य. एक्स्ट्रा टाइम. गोव्याचा अहमद जाहू दुसरं पिवळं कार्ड घेऊन बाहेर. तरीही गोल नाही. पेनल्टी शूटआउटला तीन मिनिटं उरली असताना, ११७ व्या मिनिटाला, डिमास डेलगाडोचा कॉर्नर आला. भेकेने डोकं लावलं. बॉल जाळ्यात. १-०. सुनील छेत्री आणि मिकूसारखे गोल मारणारे मैदानात असलेल्या संघाला कप मिळवून दिला मागच्या माणसाने.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ५ जून २०१९ ला, थायलंडमधल्या किंग्ज कपमध्ये कुरासावविरुद्ध तो भारताकडून पहिला सामना खेळला. भारत १-३ ने हरला. भेकेचं वय २८. अनेक देशांत या वयात बचावपटूच्या नावावर चाळीस-पन्नास आंतरराष्ट्रीय सामने असतात. याची सुरुवात झाली.

सुरुवात झाली आणि लगेच परीक्षाही. १० सप्टेंबर २०१९, दोहा, वर्ल्ड कप पात्रता. समोर आशियाई चॅम्पियन कतार, त्यांच्याच घरी. भारताकडे छेत्री नाही. उजव्या बाजूला भेके, डाव्या बाजूला गोव्याचा मंदार राव देसाई, गोलमध्ये गुरप्रीत. कतारने शॉटमागून शॉट मारले. निकाल ०-०. त्या सामन्याच्या हायलाइट्स बघायच्या तर भारताचा गोल शोधू नका. नव्वद मिनिटांत काय घडू दिलं नाही, ते बघा.

रियाधमधलं डोकं

२०२१ मध्ये तो मुंबई सिटीत आला, म्हणजे घरी. ८ एप्रिल २०२२ ला आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटी सौदीच्या अल शबाबकडून ०-३ ने हरली. तोवर कोणत्याही भारतीय क्लबने या स्पर्धेत एकही सामना जिंकला नव्हता. तीन दिवसांनी रियाधमध्येच इराकच्या एअर फोर्स क्लबशी गाठ. आधी मुंबई मागे, मग डिएगो मॉरिसिओची पेनल्टी, १-१. आणि ७५ व्या मिनिटाला कॉर्नर. मारणारा कोण? तोच अहमद जाहू, जो अंधेरीत समोरच्या संघात होता. डोकं कोणाचं? भेकेचं. २-१. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा पहिला विजय.

पुढे २०२२-२३ मध्ये मुंबईने लीग शील्ड जिंकलं. २०२३-२४ ला भेके कर्णधार. ४ मे २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर, मोहन बागानच्या घरात, मुंबई ३-१ ने जिंकली आणि कप मुंबईच्या मुलाने उचलला. मग तो पुन्हा बेंगळुरूला गेला.

वाटलं, आता तरी सगळं सुरळीत. पण जुलै २०२५ मध्ये आयएसएलचाच पुढचा हंगाम लांबणीवर टाकला गेला, कारण फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्या कराराचा तिढा. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे आणि स्टाफचे पगार थांबवत असल्याचं जाहीर केलं. १९ व्या वर्षी शहरातला मोठा क्लब गेला, आणि ३४ व्या वर्षी लीगच हवेत.

त्याच्या पुढच्याच महिन्यात, ८ सप्टेंबरला, ताजिकिस्तानात नेशन्स कपच्या तिसऱ्या जागेसाठी भारत विरुद्ध ओमान. १-१, मग पेनल्टी शूटआउट. भारताचे दोन फटके वाया गेले. जे तीन आत गेले, त्यातला एक भेकेचा. भारताने ओमानला पहिल्यांदाच हरवलं. प्रशिक्षक होते खालिद जमील, एकेकाळी त्याच बंद पडलेल्या महिंद्रा युनायटेडचे खेळाडू.

धुळ्याचं काय?

१५ सप्टेंबर २०१७ आठवतोय? सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपच्या आधी राज्य सरकारने "मिशन वन मिलियन" केलं. शाळाशाळांना फुटबॉल वाटले, एकाच दिवशी राज्यभर मुलं मैदानात उतरली. त्या वर्ल्ड कपच्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, आणि मुंबईत जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला बचावपटू नमित देशपांडेही होता. त्या दिवशी बॉल मिळालेली आपल्याकडची मुलं आज विशीत आहेत.

आपल्या मुलांसाठी रस्ता असतो तो सुब्रोतो कपचा. १९६० पासून चालत आलेली शालेय स्पर्धा. तालुका, मग जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य. सतराव्या वर्षापर्यंत. त्यानंतर? बारावी, सीईटी, भरतीची तयारी. नेमकं तेच वय, जिथे बचावपटू घडायला लागतो. पुढचा खेळाडू वेगावर लवकर चमकतो. मागच्याला खेळ वाचायला वर्षं लागतात, चुका कराव्या लागतात, आणि चुका करायला सामने लागतात.

म्हणून भेकेच्या गोष्टीचा अर्थ "मेहनत करा, फळ मिळेल" एवढाच काढू नका. मेहनत त्याने केलीच. पण त्याला मुंबईत राहता आलं. एक क्लब गेला तर लोकलने दुसऱ्यापर्यंत जाता येत होतं, तरी त्याला २८ वर्षं लागली. शिरपूरच्या किंवा साक्रीच्या मुलाला तेवढा वेळ कोण देणार? आपल्याकडे धिप्पाड, न घाबरणारी मुलं कमी नाहीत. कमी आहे ती सतरा ते तेवीस या वयासाठी वर्षभर चालणारी साधी जिल्हा लीग. दर रविवारी एक सामना, एवढंच. स्टेडियम नको, फ्लडलाइट नको. मैदान, दोन गोलपोस्ट आणि ठरलेली वेळ पुरे.

तुमच्या तालुक्यात असं काही चालू असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. कोण चालवतं, किती संघ येतात, मैदान कुठलं, सगळं सांगा. पुढच्या भागात आपण ते सगळ्यांना ऐकवू. आणि तुमच्या संघात मागे उभा राहणारा जो कोणी आहे, त्याला हा भाग नक्की फॉरवर्ड करा. भेटू पुढच्या आठवड्यात.