मोबाइलवर 'पीपीटी' कशी बनवायची?

बचत गटाला बँकेसमोर कर्जाचा प्रस्ताव मांडायचा असो की ग्रामसभेत पाण्याचा आराखडा, हल्ली 'पीपीटी घेऊन या' असं सांगतात. त्यासाठी लॅपटॉपच पाहिजे असं नाही. गुगल स्लाइड्स हे ॲप मोबाइलवर फुकट आहे, जीमेलचं खातं असलं की झालं.

ॲप उघडून अधिकचं चिन्ह दाबा, नवीन सादरीकरण निवडा. पहिल्या स्लाइडवर विषय, गटाचं नाव आणि गाव टाका. चौकटीवर दोनदा बोट टेकवलं की लिहिता येतं. पुढची स्लाइड हवी असेल तर पुन्हा अधिकचं चिन्ह. शेताचे, कामाचे फोटो गॅलरीतून घेता येतात.

एका स्लाइडवर एकच मुद्दा, चार-पाच ओळी, अक्षर मोठं. मागं बसलेल्या म्हाताऱ्या माणसालाही वाचता आलं पाहिजे. आकडे स्लाइडवर, बाकीचं तोंडी सांगायचं. सगळं लिहून वाचत बसलं की लोक कंटाळतात.

खरी फजिती होते ती अक्षरांची. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधली मराठी, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की काहीच्या बाही दिसते. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून लिहिलेलं युनिकोडमध्ये असतं, ते सहसा बिघडत नाही. तरी आदल्या दिवशी पीडीएफ काढून मोबाइलमध्ये आणि पेनड्राइव्हवर ठेवावी. मग तिथं नेट नसलं तरी काम अडत नाही. आणि घरच्यांसमोर एकदा बोलून बघावं.