सक्तीच्या कुलपाची कुळकथा

दादरच्या शिवाजी मंदिरात नाटकाची तिकिटं हाताने फाडून दिली जात, तेव्हा खिडकीत खुर्च्यांचा छापील प्लॅन असे. विकलेल्या खुर्चीवर फुली पडे. प्लॅन बघूनच तिकीट द्यायचं, या शिस्तीवर सगळं चाले. न बघता देणाऱ्याचा हात फुली धरू शकत नसे. युनिक्स या संगणकप्रणालीतलं फाइलीचं साधं कुलूप या फुलीसारखंच.

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या पहिल्या युनिक्समध्ये तेही नव्हतं. १९८३च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीने फाइलीला सल्लावजा कुलूप दिलं. ते विचारणाऱ्यालाच अडवतं. न विचारणाऱ्यालाही प्रणालीच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलनेच थोपवावं, म्हणून सिस्टिम फाइव्ह युनिक्समध्ये सक्तीचं कुलूप आलं. त्याची खूण अशी: सेट-जीआयडी बिट लावायचा आणि ग्रुपची चालवण्याची परवानगी काढायची. एरवी ही जोडी निरर्थक, म्हणून जुन्या प्रोग्रॅमना धक्का लागला नाही. लिनक्सनेही ते घेतलं; त्यासाठी डिस्कचा विभाग ‘मँड’ पर्याय देऊन माउंट करावा लागे.

त्याची खरी गरज पडली एचएव्हीपी या अँटिव्हायरस प्रॉक्सीला. वेबवरून फाइल उतरत असतानाच ती तपासायची होती. पण स्कॅनर परक्याने लिहिलेला. सल्ला मानणं त्याला ठाऊक नाही. उतरलेल्या भागाच्या शेवटाशी पोचला, की फाइल संपली असं तो धरणार आणि अर्ध्या फाइलीला निर्दोष ठरवणार. म्हणून प्रॉक्सी न उतरलेल्या भागाला सक्तीचं कुलूप लावी. स्कॅनर तिथे आला, की कर्नल त्याला थांबवून ठेवी. मजकूर आला, की पुढे सोडी.

हे कुलूप मात्र कच्चं होतं. तपासणी आणि प्रत्यक्ष लिहिणं यांच्या मधल्या क्षणात दुसरा प्रोग्रॅम घुसू शके. कुलूप असतानाही फाइल पुसता येई. कुणी मुद्दाम कुलूप धरून बसला, तर बाकीचे लटकत. २०१६च्या लिनक्स ४.५ कर्नलमध्ये ते ऐच्छिक झालं आणि २०२१च्या ५.१५मध्ये काढून टाकलं गेलं.

मग आज ते हवं का? फाइल पूर्ण उतरवून तपासली आणि मगच वापरणाऱ्याला दिली, तर नको. मोठ्या फाइलीसाठी त्याला ताटकळावं लागतं, ही या पद्धतीची किंमत. ती मोजावी; अर्धवट तपासलेली फाइल कुणाच्या हाती पडण्यापेक्षा थोडा वेळ गेलेला परवडतो.