एक रस्ता, दोन सरकारे

हद्द एक गोष्ट आणि मालकी दुसरी, हे माळव्यातल्या देवास संस्थानाइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते. 1728 च्या सुमारास तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंनी इथे अंमल बसवला. 1841 मध्ये त्यांच्या वंशांच्या दोन शाखांचा, म्हणजे थोरली आणि धाकटी पाती यांचा, कारभार वेगळा झाला. मुलूख असा गुंतलेला, की राजधानीतल्या मुख्य रस्त्याच्या दोन बाजूंना दोन सरकारे, पाण्याची आणि दिवाबत्तीची व्यवस्थाही निरनिराळी. शेजारच्या धारमध्ये पवारांचीच, पण एकच गादी होती. तिथे हा पेच नव्हता.

कोणी म्हणेल, ही संस्थानी भाऊबंदकी 1948 च्या विलीनीकरणात संपली. सरकारे संपली, हे खरे. पण म्हणून घरांच्या मालकीचा निकष बदलला नाही. कर कुठे भरायचा हे हद्द ठरवते. घर कोणाचे हे खरेदीखत, वाटणीपत्र आणि वारसा ठरवतात. आजही अनेकजण करपावतीलाच मालकीचा दाखला समजतात. ती पावती किंवा नामांतरणाची नोंद निरुपयोगी नाही, ताबा दाखवायला तिचा आधार मिळतो. परंतु केवळ तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही, असेच न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे.