समुद्र नसलेल्या देशातील समुद्रगीते

१९१८ मध्ये हाब्सबुर्ग साम्राज्य कोसळले, त्रिएस्ते आणि पोला ही बंदरे हातची गेली आणि ऑस्ट्रिया चारही बाजूंनी जमिनीने वेढलेला देश झाला. तरीही १९५० नंतर जर्मन भाषेत खलाशी, बंदरे आणि विरह यांच्या गीतांना जो बहर आला, त्यातील फ्रेडी क्विन आणि लोलिटा हे दोन अग्रणी गायक ऑस्ट्रियाचेच होते. या विसंगतीचे मूळ ध्वनिमुद्रिकांच्या व्यापारात सापडते. ऑस्ट्रियाची स्वतःची बाजारपेठ लहान होती, जर्मन भाषा मात्र सामाईक होती. त्यामुळे व्हिएन्ना किंवा लिंट्सच्या गायकाला मोठे व्हायचे तर पश्चिम जर्मनीच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचणे भाग होते, आणि त्या व्यापारातील पॉलिडोर ही बलाढ्य ध्वनिमुद्रिका-कंपनी हॅम्बुर्ग या बंदराच्या शहरातून चालत असे.

लोलिटा या नावाने गाणारी डिटा आइन्त्सिंगर १७ जानेवारी १९३१ रोजी सांक्ट प्योल्टन येथे जन्मली. बालवाडीत शिक्षिका असताना ती हौसेने गात असे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती ‘श्लागर’ गाऊ लागली. सोपी चाल, साधे शब्द आणि पहिल्याच श्रवणात ओठांवर रुळणारे धृपद असलेल्या व्यावसायिक भावगीताला जर्मनभाषक हे नाव देतात. युद्धाच्या ढिगाऱ्यांतून नुकत्याच सावरलेल्या, परदेशप्रवास अजून न परवडणाऱ्या समाजाला ही गीते दूरदेशी नेत, मग ते दूरदेश तिच्या सुरुवातीच्या एका यशस्वी गीतातील मराटोंगाप्रमाणे कल्पित का असेनात.

१९६० मध्ये वेर्नर शार्फेनबर्गर यांनी संगीत दिलेले आणि फिनी बुश यांनी लिहिलेले खलाशाचे गीत, ‘झेमान’, तबकडीच्या दुय्यम बाजूवर निघाले, पण श्रोत्यांनी उचलून धरली ती हीच बाजू. क्विनच्या गीतांत घरापासून दुरावलेला पुरुष बोलतो. येथे किनाऱ्यावर राहिलेली स्त्री बोलते आणि समुद्र हेच त्याचे घर आहे हे मान्य करते. तक्रारीचा सूर टाळणारी ही समजूत लोलिटाच्या शांत, किंचित खर्जातील आवाजाला शोभली. वर्षाच्या अखेरीस हे गीत अमेरिकेतील बिलबोर्डच्या यादीत ५ व्या क्रमांकावर पोहोचले, जे जर्मन भाषेतील गाण्याच्या बाबतीत अपूर्वाईचेच होते, आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९६१ मध्ये पेटुला क्लार्कने त्याचे इंग्रजी रूप ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेले. म्हणजे तेथे चाल जिंकली, पण लाभ दुसऱ्या गायिकेच्या पदरी पडला.

अमेरिकेत तिला असे यश पुन्हा लाभले नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यात इंग्रजी बीट संगीताने तरुण श्रोते ओढून घेतले, तेव्हा तिने लोकसंगीताच्या वळणाची गीते आणि आल्प्समधील योडेल, म्हणजे छातीचा स्वर व शिरोस्वर झपाट्याने आलटूनपालटून गाण्याची पद्धत, यांकडे मोर्चा वळवला. ३० जून २०१० रोजी साल्त्सबुर्ग येथे तिचे निधन झाले.