नव्या लॅपटॉपवर जुनं मराठी

काष्टीत व्याख्यान म्हटलं की लोकांना वाटतं, जनावरांच्या बाजारावर बोलणार, नाहीतर दौंड-मनमाड रेल्वेवर. आज त्यातलं काही नाही. या टेबलावर एक कोरा लॅपटॉप आहे आणि त्याच्या शेजारी एक जुना पेन ड्राइव्ह. या दोघांचं एकमेकांशी का पटत नाही, एवढंच आज आम्हाला सांगायचं आहे. पण ते सांगायला शंभर वर्षं मागे-पुढे जावं लागेल.

पेन ड्राइव्ह इथल्याच एका निवृत्त गुरुजींचा. २००३च्या सुमारास त्यांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेलं सगळं टाइप करून ठेवलं. बाजार कसा वाढत गेला, कुठल्या गावचे बैल कुठल्या वाटेनं यायचे, १९७२च्या दुष्काळात कोण कुठल्या कामावर खडी फोडायला होतं. आधी फ्लॉपीवर, मग सीडीवर, मग या पेन ड्राइव्हवर. सांगणाऱ्यांपैकी आज कुणी हयात नाही. नातवानं नवा लॅपटॉप आणला, पेन ड्राइव्ह लावला, फाइल उघडली. उघडली खरी, पण पानभर इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, डॉलर, टक्क्याची खूण. नातू म्हणाला, 'आजोबा, व्हायरस आलाय.' गुरुजी म्हणाले, 'यंत्रच खराब निघालं, परत करून ये.' (हशा) दोघांचंही चुकलं. यंत्र चांगलं होतं आणि फाइलही शाबूत होती.

आता मागे जाऊ. टंकलेखन यंत्र इंग्रजीसाठी जन्मलं. सव्वीस अक्षरं, लहान-मोठी. त्याच सांगाड्यात देवनागरी बसवायची तर कळा चाळीस-पंचेचाळीस, शिफ्ट धरून नव्वदेक खुणा. आपली जोडाक्षरं शेकड्यांनी. मग अक्षराचे तुकडे केले. अर्धा ख, त्याच्यापुढे काना, की झाला ख. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे येते, म्हणून ती आधी ठोकायची आणि अक्षर नंतर. 'किल्ला' म्हणताना जीभ आधी क म्हणते, पण बोट आधी वेलांटीवर जातं. ज्यांनी परीक्षा परिषदेची तीस-चाळीस शब्दांची टायपिंगची परीक्षा दिली आहे, त्यांच्या बोटांत हा क्रम अजून आहे. सभागृहात अशी चार-पाच माणसं तरी नक्की असतील. गोदरेजनं १९५५ साली भारतीय बनावटीचं टाइपरायटर बाजारात आणलं. आपल्या शिरवळच्या कारखान्यात ते २००९पर्यंत बनत होतं. म्हणजे लॅपटॉप सर्रास झाले तरी टाइपरायटर चालू होतं, हे लक्षात ठेवा.

लॅपटॉपची स्वतःची गोष्ट आम्ही दोन वाक्यांत उरकतो. १९८१चा ऑस्बर्न-१ हा उचलून नेता येणारा संगणक अकरा किलोंचा होता, त्याला बॅटरी नव्हती. १९८२च्या ग्रिड कंपासपासून झाकण मिटणारी घडी आली, तीच आजही आपल्या मांडीवर आहे.

मराठीच्या बाजूनं जास्त महत्त्वाचं काम त्याच दशकात चाललं होतं. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी एक तंत्र घडत होतं, जिस्ट नावाचं. त्यात मोहन तांबे हे नाव महत्त्वाचं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि ते काम तिकडे आलं. संगणकात एक कार्ड बसवायचं, की पडद्यावर देवनागरी. त्याआधी १९८६ साली सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं इनस्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरवला होता. त्याचा विचार साधा होता: स्वर डाव्या हाताखाली, व्यंजनं उजव्या. अक्षर जसं उच्चारतो तसं टाइप करायचं. वेलांटी नंतर. अक्षर कागदावर कसं दिसतं ते यंत्रानं बघावं, आपण फक्त काय म्हणायचं ते सांगावं. १९९१ साली इस्की नावाचं प्रमाण मानकही छापून आलं. आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवरूनच घेतलेली आहे. आज जगभरच्या यंत्रांत आपल्या लिपीला जी जागा आहे, तिचा आराखडा इथल्याच माणसांनी आखला, हे आपण फारसं सांगत नाही.

मग गुरुजींच्या फाइलचं काय बिघडलं? प्रमाण होतं, पण बाजार वेगळ्या वाटेनं गेला. १९८५ साली पेजमेकर आलं, जोडीला लेझर प्रिंटर होते, आणि पुढच्या दहा वर्षांत डीटीपी तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं. लग्नपत्रिका, कारखान्याचे अहवाल, सोसायटीची पावतीपुस्तकं, सगळं त्यावर. छापखान्याला कागदावर अक्षर हवं होतं. आत काय साठतं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. म्हणून फॉन्टवाल्यांनी सोपी युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. यंत्राला वाटतं हे इंग्रजी आहे, आपल्याला दिसतं मराठी. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचेच योगेश, सुरेख हे फॉन्ट, प्रत्येकाची मांडणी निराळी. एकाचा 'क' दुसऱ्याकडे गेला की त्याचा 'ढ' व्हायचा. काही पॅकेजना संगणकाच्या मागे कुलूप लावावं लागे, डोंगल म्हणायचे. आजच्या लॅपटॉपला ते लावायला भोकही नाही.

आम्ही या लोकांना नावं ठेवत नाही. त्यांच्यामुळेच मराठी छपाई स्वस्त झाली. विंडोज २०००पर्यंत सर्वसामान्य यंत्रात युनिकोड मराठी चालतच नव्हती. नंतर एक्सपीमध्ये चालायची, पण आधी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक खूण करायची आणि यंत्र सीडी मागायचं. ती मूळ सीडी सापडणं हेच अर्धं काम. त्यात २००५ नंतरची ती भारनियमनाची वर्षं. निम्म्यात वीज गेली की परत पहिल्यापासून. एमकेसीएल २००१ साली स्थापन झाली, एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगावी निघाले, हजारो मुलं माउस धरायला शिकली. पण घरी गेल्यावर मराठी लिहायची तर आयता जुना फॉन्टच हाताशी असायचा. गुरुजींनी २००३ साली तो वापरला, यात त्यांची काहीच चूक नाही.

आता हा नवा लॅपटॉप. पहिल्यांदा चालू केला की तो देश विचारतो, कळफलक विचारतो, इंटरनेट मागतो. मोबाइलचा हॉटस्पॉट चालतो. पहिल्याच दिवशी सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज' उघडून मराठी भाषा जोडून घ्या. इनस्क्रिप्ट येईल. इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहून मराठी उमटवणारा कळफलक हवा असेल, तर तोही २०१९पासून विंडोजमध्येच आहे, बाहेरून काही उतरवायला नको. विंडोजची कळ आणि स्पेस बार एकत्र दाबला की भाषा बदलते. मराठी जोडली की 'मंगल'सारखे जुने देवनागरी फॉन्टही येतात. विंडोज १०पासून ते सगळ्या यंत्रांत आपोआप नसतात, म्हणून दुसऱ्याची फाइल कधी कधी वेगळ्याच अक्षरात दिसते. तो बिघाड नव्हे.

बिघाड ओळखायचा कसा, हे आम्ही जरा सावकाश सांगतो, कारण प्रत्येक खुणेमागे वेगळा काळ आहे.

नुसते चौकोन दिसले, तर मजकूर ठीक आहे, फॉन्ट नाही. फॉन्ट टाकला की झालं. अक्षराशेजारी टिंबांचं वर्तुळ दिसलं, तर क्रम चुकला. टायपिंग क्लासची बोटं वेलांटी आधी मारतात, यंत्र विचारतं ही कशावर लावू, आणि रिकामं वर्तुळ काढून दाखवतं. ते वर्तुळ म्हणजे जुन्या टाइपरायटरची सावली समजा. पानभर इंग्रजी कचरा दिसला, तर तो नव्वदच्या दशकातला फॉन्ट, आणि हा मजकूर परत मिळतो. पण ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं दिसली, तर त्या फाइलमधून मजकूर गेलेला असतो. मराठी ज्यात मावत नाही अशा साच्यात कुणीतरी ती साठवली. नोटपॅडमध्ये हे फार व्हायचं. २०१९च्या सुधारणेनंतर नोटपॅड आपण होऊन युनिकोडमध्ये साठवतं, त्याआधी नाही.

गुरुजींच्या घरी आम्ही गेलो, फाइल वर्डमध्ये उघडली आणि वरच्या फॉन्टच्या चौकटीत बघितलं. फॉन्ट यंत्रात नसला तरी त्याचं नाव तिथे लिहिलेलं असतं. नाव कळलं की त्याचा परिवर्तक शोधता येतो. दहा मिनिटांत मराठी समोर आली. नव्वद टक्के बरोबर, असं आम्ही उगाच म्हणणार नाही, मोजलं नाही. पण रफार घसरले होते. 'कर्ज' लिहिताना जुन्या पद्धतीत आधी ज, मग त्यावर रफार. युनिकोडमध्ये र आधी. परिवर्तकानं हे बहुतेक जागी ओळखलं, काही जागी नाही. वेलांट्यांचंही तसंच. माणसांच्या आणि वस्त्यांच्या नावांत तर ते आपल्यालाही ओळखू येत नव्हतं. शेवटी गुरुजी समोर बसले, नातू वाचत गेला, ते सांगत गेले, 'अरे, ते आडनाव नाही, विहिरीचं नाव आहे.' तीन संध्याकाळी गेल्या. हे काम करायला तो मजकूर लिहिणारा माणूस जागेवर होता म्हणून झालं. तुमच्याकडे संस्थेची, देवस्थानची, भजनी मंडळाची अशी फाइल असेल, तर टाइप करणाऱ्याला आत्ताच बोलवा.

बैलबाजाराची फाइल अशी निघाली. दुष्काळाची नाही निघाली. सात-आठ वर्षांपूर्वी नातवानंच कुठल्याशा संकेतस्थळावर ती युनिकोडमध्ये बदलली होती, छान बदलली होती, आणि नोटपॅडमध्ये त्याच नावानं साठवली. यंत्रानं इशारा दिला, यानं ओके दाबलं. आज तिथे चौदा पानं प्रश्नचिन्हं आहेत. पोरगा त्या दिवशी जेवला नाही, असं त्याची आई सांगत होती. सीडीवर ओरखडे आहेत, ती कुठल्याच यंत्रात वाचली गेली नाही.

मूळ फ्लॉपी मात्र गुरुजींच्या पत्र्याच्या पेटीत आहेत, सहा आहेत, कोरड्या जागेत. यूएसबीला लावायचा फ्लॉपी ड्राइव्ह इथे कुणाच्या घरी, दुकानात, माळ्यावर पडलेला असेल, तर भाषण संपल्यावर थांबा. गुरुजी आणि त्यांचा नातू मागच्या रांगेत बसले आहेत.