कुलूपबंद स्मार्टफोनमधील छायाचित्रांची पुनर्प्राप्ती

कुलूपबंद स्मार्टफोनमधील छायाचित्रांची पुनर्प्राप्ती म्हणजे पासकोड, पिन किंवा पॅटर्न विसरल्यामुळे न उघडणाऱ्या फोनमधील छायाचित्रे मिळवण्याचा प्रयत्न होय. अलीकडच्या फोनचे कुलूप मोडून छायाचित्रे काढणे सर्वसामान्य वापरकर्त्याला जवळजवळ अशक्य असते. ती मिळालीच, तर बहुधा फोनबाहेर राहिलेल्या प्रतींतून मिळतात. त्यामुळे फोन 'रीसेट' करण्यापूर्वी या प्रतींचा शोध घेणे महत्त्वाचे ठरते.

== तांत्रिक पार्श्वभूमी ==
जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये (आवृत्ती ४.४ पर्यंत) पॅटर्न विसरल्यास गूगल खात्याच्या साहाय्याने कुलूप उघडता येत असे. पुढे ही सोय काढून टाकण्यात आली. ॲपलने २०१४ मधील आयओएस ८ पासून, तर अँड्रॉइडने २०१५ मधील आवृत्ती ६ पासून टप्प्याटप्प्याने फोनमधील माहिती कूटबद्ध ठेवण्यास सुरुवात केली. कूटबद्ध माहिती उलगडणारी किल्ली वापरकर्त्याचा पासकोड आणि फोनमधील चिप यांच्या संयोगातून तयार होते. म्हणून स्मृतिचिप काढून दुसऱ्या यंत्रावर वाचली, तरी हाती केवळ निरर्थक अक्षरे येतात.

नऊ बिंदूंच्या पॅटर्नच्या ३,८९,११२ शक्यता असतात व सहा अंकी पासकोडच्या १० लाख. संगणकासाठी ही संख्या किरकोळ आहे; परंतु चुकीच्या प्रत्येक काही प्रयत्नांनंतर फोन प्रतीक्षाकाळ वाढवत नेतो. आयफोनमध्ये तसा पर्याय निवडलेला असल्यास दहा चुकांनंतर सर्व माहिती पुसली जाते. अमेरिकेतील सॅन बर्नार्डिनो येथील हल्ल्यानंतर (डिसेंबर २०१५) एका हल्लेखोराचा आयफोन ५सी उघडण्यासाठी एफबीआयला न्यायालयात जावे लागले. अखेर मार्च २०१६ मध्ये तो त्रयस्थाच्या मदतीने उघडला गेला.

== प्रतींचा शोध ==
बोटाच्या ठशाने फोन अजून उघडत असेल, तर तो बंद किंवा पुन्हा चालू करू नये. पुन्हा चालू झाल्यावर ठसा स्वीकारला जात नाही, पासकोडच लागतो. अशा वेळी छायाचित्रे तत्काळ अन्यत्र पाठवावीत. आयओएस १७ पासून, पासकोड नुकताच बदललेला असल्यास, जुना पासकोड ७२ तासांपर्यंत उपयोगी पडू शकतो.

त्यानंतर गूगल फोटोज किंवा आयक्लाउड दुसऱ्या उपकरणावर त्याच खात्याने उघडून पाहावे. मेमरी कार्ड सामान्य पद्धतीने वापरलेले असल्यास ते कार्ड-रीडरमध्ये वाचता येते. फोनच्या अंतर्गत साठ्यात सामावून घेतलेले कार्ड मात्र कूटबद्ध असते. अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपची प्रत गूगल खात्यात ठेवलेली असल्यास सिम दुसऱ्या अँड्रॉइड फोनमध्ये घालून, तोच क्रमांक व तेच खाते वापरून ती उतरवता येते. धुळे-जळगावच्या अनेक कुटुंबांतील माणसे सुरतेत स्थायिक आहेत. लग्न-साखरपुड्याची छायाचित्रे कौटुंबिक गटांवर जातातच, तेव्हा तिकडच्या नातेवाइकांच्या फोनमध्ये ती असण्याची शक्यता बरीच असते.

== खान्देशातील संदर्भ ==
जळगावचे गोलाणी मार्केट मोबाईल विक्री-दुरुस्तीसाठी परिचित आहे. दुरुस्तीच्या व्यवहारात 'सॉफ्टवेअर मारणे' असा शब्दप्रयोग रूढ आहे. त्याने फोन पुन्हा वापरता येतो, पण आतील छायाचित्रे पुसली जातात. हा फरक ग्राहकाने आधी विचारून घेणे श्रेयस्कर. पडदा फुटला आहे पण पासकोड आठवतो, ही वेगळी बाब आहे: तेथे पडदा बदलल्यास छायाचित्रे सहसा सुरक्षित मिळतात.

रावेर-यावल भागात वादळाने आडव्या झालेल्या केळीबागांची छायाचित्रे शेतकरी फोनमध्येच ठेवतात. ई-पीक पाहणी (१५ ऑगस्ट २०२१ पासून) ॲपमधून यशस्वीरीत्या पाठवलेले छायाचित्र शासनाच्या सर्व्हरवर पोहोचलेले असते. निव्वळ गॅलरीतील छायाचित्राला मात्र ते संरक्षण नाही.

== कायदेशीर बाजू ==
मालकाच्या परवानगीविना अप्रामाणिक हेतूने फोनमधील माहिती मिळवणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ खाली दंडनीय आहे. मृत व्यक्तीच्या फोनबाबत कुटुंबाची अडचण अधिक असते, कारण पासकोड सांगणारे कोणी उरलेले नसते. गूगलची निष्क्रिय खाते व्यवस्था किंवा ॲपलची वारस-संपर्क सोय (डिसेंबर २०२१) उपयोगी पडते; मात्र ती त्या व्यक्तीने हयातीतच सुरू केलेली असावी लागते.