शिकागोतला दुसरा गृहस्थ

माझ्या नातीनं यंदा शाळेत विवेकानंदांचं शिकागोचं भाषण म्हटलं. घरी आल्यावर विचारते, “आजी, तिथे आपल्यातलं कोणी नव्हतं का गं?” पर्युषणात हाच प्रश्न मी उज्जैनच्या आमच्या महिला मंडळात टाकला. सगळ्या गप्प. वीरचंद गांधींचं नाव सांगितलं, तर एक काकू म्हणाल्या, “महात्मा गांधींचे कोण ते?”

कोणी नाही. वीरचंद राघवजी गांधी, जन्म महुव्याचा, १८६४ सालचा. मुंबईत जैन असोसिएशनचे चिटणीस. आमंत्रण खरं आत्मारामजी महाराजांना होतं, पण साधूला आगबोटीत कसं बसता येणार? म्हणून २९ वर्षांच्या या संसारी माणसाला पाठवलं.

विवेकानंद ११ सप्टेंबर १८९३ ला बोलले. वीरचंदभाईंचं मुख्य भाषण २५ तारखेचं. मधल्या दिवसांत पेंटेकॉस्ट नावाच्या पाद्र्यानं देवळांतल्या नाचगाणाऱ्या बायकांवरून हिंदूंवर चिखलफेक केली होती. जैन धर्माला कोणी काही बोललं नव्हतं. वीरचंदभाईंनी आपला विषय मांडून खाली बसायचं, तर आधी उत्तर दिलं ते शेजाऱ्याच्या धर्मासाठी. दोष आहे, समाज तो काढायला झटतोय, पण त्यावरून धर्म तोलू नका, असा त्यांचा रोख. मला या भाषणाची खरी किंमत इथे वाटते. बोलताना त्या बायकांच्या चारित्र्यावर मात्र त्यांनी संशय घेतला. ते आज वाचताना टोचतं.

पुढे त्यांनी शिकागोत हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या शिक्षणासाठी संस्था काढली. दुष्काळात अमेरिकेतून धान्य पाठवलं. आणि आपल्या लोकांनी काय केलं? समुद्र ओलांडला म्हणून वाळीत टाकायची भाषा! त्या कडाक्याच्या थंडीतही हा माणूस शाकाहार सोडत नाही आणि त्याचेच लोक त्याला जातीबाहेर काढताहेत, असं जुनागढच्या दिवाणांना कळवळून कोणी लिहावं? खुद्द विवेकानंदांनी, १८९४ साली.

विवेकानंदांमागे मठ होता, शिष्य होते. वीरचंदभाई ७ ऑगस्ट १९०१ ला मुंबईत वारले, सदतिसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. भाषण सांभाळायला शिष्य नव्हते, आणि समाज तर रुसलेला.

पुढच्या पर्युषणात ते भाषण मराठीत करून मंडळात वाचायचं मी कबूल केलंय. त्या बायकांबद्दलचं वाक्य गाळणार नाही, हेही सांगून ठेवलंय.